पारवा गल्लीत अडकला

मीटिंगमध्ये तोंड उघडू नये हे विमानवाल्यांना कळत नव्हतं, अशातला भाग नाही. राष्ट्रीय विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात त्यांनी आयुष्य काढलं होतं ते याच एका तत्त्वावर. वेळापत्रक विभाग म्हणजे कंपनीचं विमान किती वाजता सुटणार हे छापणारा विभाग. ते खरोखर किती वाजता सुटतं याच्याशी या विभागाचा काडीचा संबंध नव्हता. त्यासाठी वेगळा विभाग होता, आणि त्या विभागाचा कशाशीच संबंध नव्हता. त्यामुळे विमानवाले वर्षानुवर्षं एक अतिशय सुबक, बिनचूक आणि संपूर्ण काल्पनिक पुस्तक छापत आले होते. सोसायटीत मात्र त्यांचा दरारा होता. तिथे त्यांना सगळे ‘विमानवाले’ म्हणत आणि कुणाचा जावई परदेशातून उशिरा पोचला की त्यांनाच जाब विचारत.

काळजी करणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, जोडधंदा होता. घराला कुलूप लावून निघाले की पहिल्या जिन्यावरून परत येऊन ते ओढून बघायचे. गॅस बंद आहे का हे विचारायला ऑफिसातून फोन करायचे. बायको म्हणायची, “बंद आहे हो. आणि मी घरातच आहे. उघडा असता तर फोन कुणी उचलला असता?” यावर विमानवाल्यांना नवीन काळजी लागायची.

तर त्या दिवशी मीटिंग होती ती कंपनीच्या हीरकमहोत्सवाची. कंपनीची तब्येत तोळामासा झाली होती. विमानं म्हातारी, कर्मचारी त्यांच्याहून म्हातारे, आणि प्रवासी कधीच खासगी कंपन्यांकडे पळालेले. सरकार कंपनीला टाळं लावणार अशी कुजबुज होती. खात्याचे मंत्री समारंभाला येणार होते. ते खूश झाले तर आणखी काही वर्षं श्वास चालेल, नाहीतर सगळ्यांनी आपापल्या खुर्च्यांकडे शेवटचं पाहून घ्यावं, असं मोठे साहेब म्हणाले. मग सूचना आल्या. कुणी म्हणालं, कॅलेंडर काढू. कुणी म्हणालं, किल्ल्यांची साखळी वाटू. एकाने छत्री सुचवली. नेमकं त्याच वेळी विमानवाल्यांचं बिस्किट चहात मोडून पडलं. डुबुक असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

“आपलं ते पहिलं विमान... ते कुठे असेल हो आता?” विमानवाले म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. “वा! पारवा! तोच आणू. दारात उभा करू. मंत्र्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. कोण बघतंय हे काम?”

सगळ्यांनी विमानवाल्यांकडे पाहिलं. ज्याच्या तोंडी सूचना त्याच्या गळ्यात धोंड, हा नियम कुठल्याही ऑफिसात लिहून ठेवावा लागत नाही.

पारवा म्हणजे कंपनीचं पहिलंवहिलं विमान. जेमतेम आठ प्रवासी बसतील एवढं. त्या काळी प्रवाशांना सामानासकट वजनकाट्यावर उभं करत, आणि जाडे कुठे बसणार, बारीक कुठे, हे वैमानिक ठरवत असे. एकदा म्हणे एक सावकार आणि त्याचा मेहुणा, दोघेही भारदस्त, एका बाजूला बसायचं म्हणून हटून बसले आणि विमान धावपट्टीवर गोल गोल फिरत राहिलं. अशा पुष्कळ गोष्टी ऑफिसात सांगितल्या जात. विमान पुढे कुठे गेलं हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसच्या बोळात त्याचा एक फोटो होता; त्यात धुकं जास्त आणि विमान कमी होतं.

विमानवाल्यांनी घरी येऊन ही बातमी बायकोला सांगितली. ती म्हणाली, “अहो, बाकीच्यांनी छत्र्या सुचवल्या, तर तुम्हाला काय धाड भरली होती?”

“बिस्किट पडलं गं,” विमानवाले म्हणाले. तेवढीच वस्तुस्थिती होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या टेपकाकांना हे कळायला वेळ लागला नाही. टेपकाका म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांच्या खिशात कायम मोजपट्टी असे. कुणाच्या घरी गेले तर बसण्याआधी सोफा मोजत. सोसायटीत कुठलंही काम निघालं की टेपकाका ते हाती घेत, आणि मग ते काम वाढत जाई. “काळजी सोडा,” ते विमानवाल्यांना म्हणाले. ही दोन शब्दांची सूचना ज्याने ज्याने ऐकली तो काळजीत पडला होता, हे विमानवाल्यांना माहीत होतं. तरी त्यांनी मान डोलावली. समोरच्याने धीर दिला की नकार द्यायचं बळ त्यांच्यात उरत नसे.

विमान सापडलं. तेही, टेपकाकांचं श्रेय नाकारता येणार नाही, त्यांच्यामुळेच. शहराबाहेर एका रोपवाटिकेत त्यांनी कधीतरी एक जुनं विमान पाहिलं होतं. दोघं जाऊन धडकले. गुलाबांच्या वाफ्यांपलीकडे ते उभं होतं. म्हणजे उभं होतं असं म्हणायचं. खरं तर ते पोटावर बसलं होतं, रुसलेल्या म्हशीसारखं. आत शेणखताची पोती रचलेली. पंख नव्हतेच, रोपवाटिकेच्या मालकाने ते काढून नाजूक रोपांवर सावलीला घातले होते.

“माझ्या वडलांनी भंगारात घेतलं होतं,” मालक म्हणाला. “घेऊन जा खुशाल. खत तेवढं काढून ठेवा. पंख मात्र देणार नाही, पंखांखाली माझी फर्न्स आहेत.”

टेपकाकांनी बोळातल्या फोटोची प्रत काढून विमानाच्या नाकासमोर धरली. मग डोळे बारीक केले. मग मोजपट्टीने नाक मोजलं. “हेच,” ते म्हणाले. “शंभर टक्के. नाक तेच आहे.”

“पण फोटोत नाक नीट दिसतच नाही,” विमानवाले चाचरत म्हणाले.

“इथेही कुठे नीट दिसतंय? तेच तर!”

हा युक्तिवाद इतका जोरात आला की विमानवाल्यांना त्यातली खोट सापडेपर्यंत टेपकाकांनी साहेबांना फोन करून अभिनंदनही केलं होतं.

मग परवानग्या सुरू झाल्या. वाहतूक खात्याने विचारलं, हे वाहन आहे की माल? वाहन असेल तर नंबरप्लेट लागेल. विमानवाले म्हणाले, माल. मग मालाचं वर्णन काय? विमान. मग विमान असेल तर विमानखात्याचा दाखला आणा की हे उडायला योग्य आहे. विमानवाले म्हणाले, पण ते उडणार नाही, ट्रेलरवरून जाणार आहे. खिडकीतला माणूस समजूतदार होता. तो म्हणाला, “मग ते उडणार नाही असा दाखला आणा.” विमानखात्यात गेल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, उडणाऱ्या विमानांचे दाखले आम्ही देतो, न उडणाऱ्यांचे द्यायला लागलो तर आधी तुमच्या कंपनीची निम्मी विमानं रांगेत उभी राहतील. हे ऐकून विमानवाल्यांचा चेहरा पडला. बाहेरच्याने कंपनीला नावं ठेवली की त्यांना ती स्वतःच्या घराण्याला ठेवल्यासारखी लागत. आपण घरात काय म्हणतो ती गोष्ट वेगळी.

शेवटी कुणीतरी ‘धातूचे मोठे नळकांडे’ असं लिहायचं सुचवलं आणि परवानगी चुटकीसरशी मिळाली. पारव्याला नळकांडं म्हणावं लागलं याचं शल्य विमानवाल्यांना जेवताना टोचत राहिलं. बायको म्हणाली, “पंख नाहीत ना? मग नळकांडंच ते.”

रविवारी सकाळी ट्रेलर निघाला. समारंभ मंगळवारी होता. पुढे मोटारसायकलवर वाहतूक पोलीस, मागे ट्रेलर, त्यावर दोरखंडांनी आवळलेलं विमान, आणि त्यामागे एका टॅक्सीत विमानवाले आणि टेपकाका. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. विमानवाल्यांना वाटलं, कंपनीच्या इतिहासाला लोक मान देताहेत. तेवढ्यात एका दुकानदाराने ओरडून विचारलं, “पाण्याची टाकी कुठल्या बिल्डिंगची हो?” विमानवाल्यांनी टॅक्सीची काच वर केली.

मग पूल आला. टेपकाकांनी पूल मोजला होता. विमानही मोजलं होतं. पुलाखालून विमान आरामात जाणार होतं, वर हातभर जागा उरणार होती. ट्रेलर पुलापाशी पोचला आणि चालकाने करकचून ब्रेक मारला. विमानाची शेपटी पुलापेक्षा चांगली पुरुषभर उंच होती.

“असं कसं?” विमानवाल्यांनी टॅक्सीतून डोकं बाहेर काढलं.

टेपकाका खाली उतरले, त्यांनी पुलाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि अत्यंत दुखावलेल्या स्वरात म्हणाले, “ट्रेलर मोजायचा असतो हे मला कुणी सांगितलं होतं?”

पाठीमागे गाड्यांची रांग लागली होती. भोंगे वाजत होते. पोलिसाने घाम पुसला आणि म्हणाला, “मागे घ्या. ती डावीकडची गल्ली घ्या. ती पुढे मोठ्या रस्त्याला मिळते.”

ती डावीकडची गल्ली विमानवाल्यांच्या चांगल्या ओळखीची होती. रोज संध्याकाळी ते तिच्यातूनच घरी येत. “तिथे नको,” ते म्हणाले. पण भोंग्यांमध्ये त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही.

ट्रेलर गल्लीत शिरला. कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या शेपटीला अडकून तुटत गेल्या. विमान एका अंगाला कुणाचे पायजमे आणि दुसऱ्या अंगाला पलंगपोस मिरवत पुढे सरकलं. आणि नेमकं विमानवाल्यांच्या सोसायटीच्या फाटकासमोर, जिथे इतकी वर्षं रस्त्यात खड्डा आहे म्हणून सोसायटीने तक्रारी केल्या होत्या, तिथे ट्रेलरचं चाक गेलं. कडाड असा आवाज झाला. चालक खाली वाकून बघून आला. “आस मोडला,” तो म्हणाला. “आता हे हलत नाही.”

“क्रेन आणा!” टेपकाका गरजले.

“क्रेन येणार कुठून?” चालकाने गल्लीकडे हात केला. “मागून आणली तर विमान आडवं, पुढून आणली तर विमान आडवं.”

थोडक्यात, विमानाला हलवायचं तर आधी विमान हलवायला हवं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी पायात चपला सरकवत खाली आले. त्यांची गाडी आत, फाटक बंद, फाटकापुढे विमान. “विमानवाले,” ते म्हणाले, “पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावायच्या, हा नियम आहे. पण म्हणून ही?”

“ही माझी नाहीये हो!”

“मग कुणाची? या सोसायटीत दुसरं कोण विमानवालं आहे?”

त्या दिवशी दुपारपासून विमानवाल्यांच्या दाराची घंटा थांबली नाही. तळमजल्यावरचे म्हणाले, उजेड अडला. पहिल्या मजल्यावरच्या म्हणाल्या, आमच्या पलंगपोसाचं काय? एका गृहस्थांनी तर सोमवारच्या फ्लाइटचं काही जमतं का, असं गांभीर्याने विचारलं. चाळिशीतले एक डॉक्टर सल्ला देऊन गेले, “ते चाकं लावून ढकलून द्या ना सरळ.” कुठे ढकलायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सल्ला देणाऱ्याने तपशिलात शिरायचं नसतं.

बायको खिडकीत उभी राहून बघत होती. विमानाची शेपटी थेट त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावत होती. “लोकांचे नवरे फार तर मांजर आणतात घरी,” ती म्हणाली. पण मग तिने चालकाला आणि पोलिसाला चहा खाली पाठवला. त्यामुळे निदान पोलीस तरी आपल्या बाजूचा झाला, असं विमानवाल्यांना वाटलं.

साहेबांचा फोन आला तेव्हा विमानवाले उभे राहून बोलले. फोनवर असलं तरी साहेबांशी ते बसून बोलत नसत. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “विमान समारंभाला येत नसेल, तर समारंभ विमानाकडे येईल. मंगळवारी तिथेच. मंडप घाला. पारव्यावरच्या पहिल्या हवाई सुंदरी, त्या बाई, त्यांनाही तिथेच आणा. आणि हे बघा, काही चुकलं तर...” साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. विमानवाल्यांनी मग उरलेल्या दिवसभरात ते वाक्य स्वतःच निरनिराळ्या प्रकारे पूर्ण केलं.

सोमवारी दुपारी बाई आल्या. टॅक्सीतून उतरल्या तेव्हा आधी काठी बाहेर आली, मग एक ताठ कणा, आणि मग बाकीच्या बाई. वय ऐंशीच्या घरात, केस पांढरेशुभ्र आणि कडक विंचरलेले. गुडघे दुखतात हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, चालण्यावरून कळत होतं. विमानवाल्यांनी अदबीने दार उघडलं.

“कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“हा काय, बाई. आपला पारवा.”

बाईंनी विमानाला एक फेरी मारली. काठीने पोटाला टकटक केलं. दरवाज्यापाशी जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. विमानवाल्यांना वाटलं, आठवणी दाटून आल्या. त्यांनी रुमालही काढून ठेवला, द्यावा लागला तर असावा म्हणून.

“हा पारवा नाही,” बाई म्हणाल्या.

“असं... असं कसं, बाई? नाक तेच आहे. आमच्या टेपकाकांनी...”

“आमचा दरवाजा डाव्या बाजूला होता. मी त्यात उभी राहून शेकडो लोकांना हात दिलाय. हा उजव्या बाजूला आहे. हे तर ‘शीघ्र’चं विमान.”

‘शीघ्र’ म्हणजे कोण, हे विमानवाल्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या इतिहासात त्यांच्याविषयी एकच वाक्य होतं: ‘काही लहान खासगी कंपन्या राष्ट्रीय कंपनीत विलीन झाल्या.’

“विलीन!” बाई हसल्या. “बुडवलं आम्ही त्यांना. ते आमच्याआधी पोचायचे ना रोज. आमचे साहेब धावपट्टीवर उभे राहून घड्याळ बघायचे आणि दात-ओठ खायचे. मग सरकारने एके दिवशी सांगितलं, उद्यापासून फक्त राष्ट्रीय. संध्याकाळी त्यांचे वैमानिक टोप्या हातात घेऊन उभे होते. आमच्यातल्या कुणी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “मीही नाही.”

विमानवाले फाटकाला टेकले. ज्याला आपण बुडवलं त्याचंच विमान आपलं म्हणून मिरवायचं! “मग पारवा कुठे आहे, बाई?”

“पारवा? तो कुठे राहिलाय. सुटे भाग मिळेनात, तेव्हा पारवा उभा केला आणि काढत गेलो. चाक याला, पंखा त्याला, माझी खुर्ची तिसऱ्याला. शेवटी नुसता सांगाडा उरला. सगळी विमानं त्याच्यावर उडत होती आणि तो तेवढा जमिनीवर.”

विमानवाल्यांनी जिना चढून घर गाठलं, साहेबांना फोन लावला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“तुम्ही मला काही सांगितलेलं नाही,” साहेब म्हणाले. “मी काही ऐकलेलं नाही. नाव लिहून घ्या त्यावर, ठळक. पारवा.”

पेंटर आला. संध्याकाळपर्यंत नाकावर लाल अक्षरांत ‘पारवा’ झळकलं. विमानवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच. त्यांना साध्या वेळापत्रकाच्या छपाईआधीही लागत नसे. सकाळी आरशासमोर टायची गाठ त्यांनी तीनदा बांधून तीनदा सोडली. बायकोने टाय हातात घेतला आणि स्वतः बांधला. “खरं सांगितलं तर नोकरी जाईल?” तिने विचारलं.

“बहुतेक.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर काही नाही. नुसतंच... जिवाला लागून राहील.”

“म्हणजे तुमची काळजी दोन्हीकडून चालूच,” ती गाठ आवळत म्हणाली. “मग निदान खऱ्याची तरी करा.”

मंत्री उशिरा आले. राष्ट्रीय कंपनीचा कार्यक्रम म्हटल्यावर ते साहजिकच होतं. गल्ली माणसांनी भरली होती. सगळी सोसायटी इस्त्रीचे कपडे घालून हजर होती आणि सेक्रेटरींनी विमानाच्या दाराला लावायला स्वतःच्या घरचं स्टूल दिलं होतं. मंत्र्यांनी फीत कापली. कार्यक्रम असा होता की मंत्री, साहेब आणि बाई आत जाऊन विमान बघतील, आणि तेवढ्या वेळात विमानवाले बाहेर माइकवरून लोकांना पारव्याचा इतिहास सांगतील.

तिघं आत गेले. मंत्र्यांच्या सुरक्षारक्षकाने अदबीने दार लावलं. ते दार कित्येक वर्षांत नीट लागलं नव्हतं. ते आता लागलं, आणि लागलं ते लागलंच. सुरक्षारक्षकाने ओढून पाहिलं. मग दोघांनी ओढून पाहिलं. मग टेपकाका मोजपट्टी काढून पुढे सरसावले.

“बोला, बोला!” सेक्रेटरींनी विमानवाल्यांना खूण केली. “लोकांना गुंतवून ठेवा!”

विमानवाल्यांनी माइक धरला. समोरच्या कागदावर पहिलं वाक्य होतं: ‘आपल्या लाडक्या पारव्याच्या साक्षीने...’ त्यांनी तोंड उघडलं. ‘आपल्या’ म्हणाले. ‘लाडक्या’ म्हणाले. पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना. माइकमधून नुसता त्यांचा श्वास गल्लीभर ऐकू जात होता.

“हा पारवा नाही,” विमानवाले म्हणाले.

मागच्या बाजूला कुणीतरी म्हणालं, “म्हणजे टाकीच निघाली वाटतं.”

“टाकी नाही,” विमानवाल्यांचा आवाज चिरकला. “विमानच आहे. पण आपलं नाही. हे ‘शीघ्र’ नावाच्या कंपनीचं आहे. ते वेळेवर पोचायचे, म्हणून आपण त्यांना बंद पाडलं. आपला पारवा आता नाहीच. त्याचे भाग काढून काढून आपण बाकीची विमानं उडवली. तुमच्यापैकी कुणी तेव्हा आपल्या विमानातून गेला असाल, कुणाचे आईवडील गेले असतील, तर ते थोडेसे पारव्यातूनच गेले.” त्यांनी हातातल्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “विमान शोधणारा मीच. चूक माझी आहे.”

“नाक तेच होतं!” दरवाज्यापाशी अडकलेले टेपकाका ओरडले. पण कुणी हसलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या, पलंगपोसवाल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. पोलिसाने टोपी काढली. ती त्याने उकाड्यामुळे काढली असेल, पण विमानवाल्यांनी ती आदराने काढली असंच धरलं.

त्याच वेळी ट्रेलरच्या चालकाने पहार घातली आणि दार धाडकन उघडलं.

मंत्री बाहेर आले. विमानवाल्यांनी माइक छातीशी धरला आणि डोळे मिटले. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर मंत्र्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते आणि गालात गोळी. मागून साहेब उतरले. त्यांच्याही कानांत कापूस होता. शेवटी बाई उतरल्या. कापूस फक्त त्यांच्या कानांत नव्हता.

“आम्ही प्रवाशांना द्यायचो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “इंजिनाचा आवाज सहन होत नसे. पट्टेही बांधायला लावले. मी सांगेपर्यंत कुणीही उठायचं नाही.”

मंत्र्यांनी कापूस काढला. त्यांच्या चेहऱ्यावर निवांतपणा होता. “किती वर्षांनी असा गप्प बसलो,” ते म्हणाले. “कुणी निवेदन दिलं नाही, कुणी हार घातला नाही. चांगली कंपनी आहे. हिच्याबद्दल आपण विचार करू.” आणि ते निघून गेले. ‘विचार करू’ म्हणजे निदान एवढ्यात टाळं नाही, असा अर्थ साहेबांनी तिथल्या तिथे लावला. तो पुढे बराच काळ खराही ठरला.

“शाब्बास!” साहेबांनी विमानवाल्यांचा हात धरून हलवला. “आता पुढच्या वर्षी आपलं पहिलं जेट. ते कुठे असेल, याचा तुम्हीच...”

“नाव पुसावं लागेल, साहेब,” विमानवाले म्हणाले.

“कसलं नाव?”

“पारवा. त्या जागी ‘शीघ्र’ लिहायचं. तुम्ही आत होतात तेव्हा मी सगळ्यांना सांगितलंय.”

साहेबांनी गल्लीकडे पाहिलं. सबंध गल्ली त्यांच्याकडे बघत होती. पोलीस बघत होता. विमानवाल्यांची बायको वरच्या खिडकीत हाताची घडी घालून उभी होती, आणि तिच्याकडे बघून साहेबांनी का कुणास ठाऊक टाय नीट केला. “अक्षरं लहान काढा,” ते पुटपुटले आणि गाडीत जाऊन बसले.

दुपारी गल्ली पांगली. मंडपवाले खुर्च्या उचलू लागले. नवीन आस आणायला चालक गेला होता. विमानवाले फाटकापाशी एकटेच उभे होते. विमानाच्या उघड्या दारातून बाईंचा आवाज आला, “अहो, आत या. उन्हात काय उभे राहता?”

आत शेणखताचा वास अजून होता. उरलेल्या दोनच खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसल्या होत्या, गुडघ्यावर काठी आडवी घेऊन. विमानवाले दुसरीत टेकले. खिडकीतून त्यांचं स्वयंपाकघर दिसत होतं. बायको गॅसपाशी उभी होती.

“यांच्या वैमानिकांना चहा विचारायचा राहिला,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून विमानवाल्यांकडे निरखून पाहिलं. अनेक वर्षं घाबरलेली माणसं पाहिलेल्या नजरेने. “पट्टा बांधा.”

विमानवाल्यांनी निमूटपणे पट्टा ओढला. तो गंजला होता, पण बसला. “कुठे जायचंय, बाई?”

“कुठेच नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर वेळेवर पोचू.”

विमानवाले हसले. मग त्यांचे डोळे जड झाले. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू येऊ लागलं, तेव्हा बाईंनी पर्समधून कापूस काढला, आणि या वेळी तो स्वतःच्या कानांत घातला.